उशीर कुणी केला

घंटा वाजली आणि मी मेलेल्या मुलीची आई झाले.

दार उघडून सान्वी आत आली. गोरीगोमटी, इस्त्रीचा कुर्ता, हात पोटाशी जोडलेले. समोरच्या खुर्चीत बसली आणि घोकलेलं म्हणाली, "तुमचं दुःख मी समजू शकते."

"तुझ्या किती मुली मेल्या?" मी विचारलं.

पोरीचे डोळे भरले. मी थांबले नाही. ते थांबायचं काम नव्हतं माझं. "सकाळी चालत आली होती ती. चालत! मला पांढऱ्या कापडात का देताय?"

घंटा पुन्हा वाजली. मी उठले, पदर सारखा केला आणि क्लासच्या नियमाप्रमाणे म्हणाले, "मी रत्ना ढाले. मी पेशंटची आई नाही. मी ठीक आहे."

हा नियम केतकी मॅडमचा. दर वेळी खेळ संपला की नट स्वतःचं नाव सांगून त्या माणसातून बाहेर यायचा, म्हणजे पोरांच्या मनावर ओझं राहत नाही. मॅडम परदेशी मेडिकल कॉलेजांच्या मुलाखतींची तयारी करून घ्यायच्या. पुण्यात, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. तिकडं म्हणे नुसत्या मार्कांवर घेत नाहीत. मुलाला एका खोलीत सोडतात, खोलीत एक खोटा पेशंट असतो आणि पोरगं त्याच्याशी कसं बोलतं ते बघतात. दाराबाहेर एक कार्ड लावलेलं, आत काय घडलंय ते त्यावर लिहिलेलं. ते वाचायचं, घंटा वाजली की आत जायचं.

खोटा पेशंट म्हणजे मी आणि दिगंबरकाका. महापालिकेच्या पथनाट्यांतून आम्हाला उचललं होतं. डेंग्यूच्या नाटकात मी डास होते आणि काका झाकण नसलेली टाकी. इथं काका दारुडे आणि हार्ट अटॅकवाले करायचे, मी बाकी सगळ्या बायका.

मॅडम पहिली फेरी मराठीतच घ्यायच्या. "इंग्रजीत सगळ्यांनाच खोटं बोलता येतं," म्हणायच्या, "मराठीत बोला, मग कळेल तुमच्यात माणूस आहे का."

माणूस दाखवायची सगळ्यांचीच धडपड. मार्क होतेच त्या पोरांकडे, पोत्यानं होते. मग आठवडाभर अनाथाश्रम, वृद्धाश्रमात आजीला घास भरवतानाचा फोटो, पाड्यावर वाचनालय. त्या वाचनालयाला पुढं कुलूप लागलं तरी अर्जात ते उघडंच. काका चहा पिताना म्हणायचे, "रत्ने, ह्या पोरांच्या अर्जांना महाराष्ट्रातले गरीब पुरायचे नाहीत बघ. बाहेरून आणावे लागतील."

मी हसायचे. पण त्या रविवारी हसू येत नव्हतं. पालक दिवस होता. हॉलमध्ये मोठा पडदा, आमच्या खोलीत कॅमेरा, कार्डावरचा मजकूर पडद्यावर, समोर आयाबाप. आणि मी एका बापाची वाट बघत होते. त्यानं आमच्या घरात एक वाक्य टाकलं होतं. ते मला त्याला परत घ्यायला लावायचं होतं.

त्याचा मुलगा शौनक. शौनक सरनोबत. पोरगं वाईट असतं तर माझं सोपं झालं असतं. पहिल्याच आठवड्यात खेळ संपल्यावर त्यानं विचारलं होतं, "ताई, तुम्ही खरंच रडता का?"

"तुला काय वाटतं?"

"खरंच. डावा डोळा आधी भरतो तुमचा. खोटं रडणाऱ्याचे दोन्ही एकदम भरतात."

"फार बघतोस रे."

"बाबा म्हणतात, डॉक्टरनं बघायचं. बोलायला इतर लोक असतात."

"काय करतात तुझे बाबा?"

"सर्जन. आता इथं आहेत. मी लहान असताना मिरजेला होतो आम्ही."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्याच रात्री नवं कार्ड लिहिलं. पथनाट्यं लिहायचे म्हणून मॅडम माझ्याकडूनच कार्डं करून घ्यायच्या. हे असं होतं:

तुम्ही सर्जन आहात. पोट दुखतंय म्हणून एका तरुण बाईला घरच्यांनी सकाळी दवाखान्यात आणलं. तुम्हाला निरोप मिळाला होता. तुम्ही सत्कार समारंभाला गेला होतात, संध्याकाळी आलात. तोवर अपेंडिक्स फुटून विष पसरलं होतं. ती वाचली नाही. आत तिची आई बसली आहे. तिला सांगा.

मॅडमनी वाचलं आणि मान डोलावली. "मस्त आहे. चूक कबूल करता येते का, हेच तर बघतात तिकडं. पालक दिवसाला हेच ठेवू."

माझा बेत एवढाच होता. बापानं हॉलमध्ये बसून ते कार्ड पडद्यावर वाचावं, आणि त्याच्या पोराच्या तोंडून आपण कधीच न बोललेलं ऐकावं. पुढचं मी ठरवलं नव्हतं.

डॉक्टर सरनोबत उशिरा आले. सान्वी बाहेर गेल्यावर दार उघडंच होतं, त्यामुळे मला हॉल दिसत होता. माणूस फार बदलला नव्हता. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. मोबाइल मात्र पूर्वी असायचा त्याच हातात. पहिल्या रांगेत एक खुर्ची राखून ठेवली होती, तिथं बसता बसताच म्हणाले, "कुठवर आलं नाटक?"

सगळे हसले. मोठ्या डॉक्टरच्या विनोदाला हसतात तसं.

केतकी मॅडम म्हणाल्या, "सर, आता शौनकचीच पाळी आहे. पडद्यावर कार्ड आहे बघा."

"मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हे शिकवून येतं का? आम्हाला कुणी शिकवलं होतं? जन्मभर नातेवाइकांशी बोलतोय मी."

"मग सर, तुम्हीच दाखवा ना!" मॅडम लाडानं म्हणाल्या. "मुलांना प्रत्यक्ष बघायला मिळेल."

टाळ्या पडल्या. दोनतीन आया "हो सर, प्लीज सर" करायला लागल्या. मॅडमचं चुकलं काहीच नव्हतं. पोरांच्या बापांना खूश ठेवणं हा त्यांचा धंदा होता. आणि टाळ्या वाजल्यावर बसून राहणं हा सरनोबतांचा स्वभाव नव्हता. ते कोट सारखा करत उठले.

दाराशी शौनक उभा होता. म्हणाला, "बाबा, कार्ड वाचा आधी."

"पेशंट गेलाय, नातेवाइकांना सांगायचंय. बरोबर?"

"हो, पण पुढं—"

"मग बास. बाजूला हो."

मी ऐकलं. मी पोरासाठी लावलेल्या जाळ्यात बाप आपल्या पायानं चालत येत होता, आणि तेही न वाचता.

घंटा वाजली.

ते आत आले. बसले नाहीत. एक हात दाराच्या मुठीवर तसाच. मिरजेलाही तसाच होता.

"पेशंटच्या कोण तुम्ही?"

"आई."

"हे बघा आई, आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले." मग एक उसासा, आणि मग ते वाक्य. "पण तुम्ही आणायला उशीर केलात."

ते मला त्यांच्याकडून उकरून काढावं लागलं नाही. शब्द तेच, सूर तोच, आणि "केलात" म्हणताना मान किंचित वाकडी. आमच्या आईला जे दिलं होतं तेच मला दिलं. रोज देत असणार.

हॉलमधली कुजबुज एकदम थांबली. पडद्यावर कार्ड होतंच. सगळ्यांना वाचता येत होतं.

मी विचारलं, "डॉक्टर, आम्ही तिला कधी आणलं होतं?"

"अं?"

"कधी आणलं होतं?"

"आता त्याला अर्थ नाही हो, आई. तुम्ही लोक काय करता, दोन दिवस घरी ठेवता, ओवा देता, अंगारा लावता. पार गळ्याशी आलं की आमच्याकडं. मग आम्ही देव आहोत का?"

"तिला सकाळी आणली होती. तिच्या पायांनी चालत आली होती. तुम्ही कुठं होता?"

ते कॅमेऱ्याकडं बघून हसले. "मॅडम, तुमच्या बाई जरा जास्तच रंगल्या."

हॉलमधून कुणीतरी बाप्या अवघडून बोलला, "सर... कार्डावर तसंच आहे. सत्कार वगैरे."

"कसला सत्कार?"

"बाबा," दारातून शौनकचा आवाज आला, "मी म्हणत होतो, वाचा."

घंटा वाजली. मी उठले. पदर सारखा केला नाही.

"मी रत्ना ढाले," मी म्हणाले. "शकुंतला माझी धाकटी बहीण. पंचमीला माहेरी आली होती. मिरजेला तुमच्या दवाखान्यात आईनं तिला सकाळी आणली, तुम्ही दिवेलागणीला आलात. गळ्यात हार होता, तो बाहेर टेबलावर काढून ठेवलात. मग माझ्या आईला म्हणालात, तुम्ही आणायला उशीर केलात. मी ठीक नाही."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. कपाळाला आठी घातली, आठवायचा खरंच प्रयत्न केला. आणि म्हणाले, "कोण शकुंतला?"

त्यांनी नाकारलं असतं, ओरडले असते, तर मला सोसलं असतं.

"तुम्हाला आठवत नाही," मी म्हणाले. "माझ्या आईला दुसरं काही आठवत नाही."

मग ओरडा झाला. ही बाई कोण, हे कारस्थान आहे, मी केस टाकीन. मी म्हटलं, टाका, कोर्टपण हेच विचारील, कधी आणली होती. तरातरा निघून गेले. खुर्च्या सरकल्या. जी आई "प्लीज सर" करत होती ती आता पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. रागानं त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तू माझ्या क्लासचा वापर केलास, रत्ना."

"केला."

"उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत."

काका मागून म्हणाले, "मग माझंपण नाव काढा, मॅडम. न पिता झिंगून झिंगून लिव्हर खराब झालंय माझं."

जिन्यात शौनकनं गाठलं मला. चेहरा पांढराफटक. "ताई, थांबा ना. बाबांच्या वतीनं मी माफी मागतो."

"तू का मागतोस? तू तेव्हा चड्डीत मुतत होतास."

"पण कुणीतरी..."

"कुणीतरी नाही. आणि ऐक. तुमच्या त्या अर्जात एक प्रश्न असतो, तुम्हाला बदलून टाकणारा प्रसंग. मला माहीत आहे, कार्डं मीच लिहिते तुमची. आजचा प्रसंग फक्कड आहे. गरीब बाई, मेलेली बहीण, बापाची चूक, मुलाचे डोळे उघडले. लगेच घेतील तुला."

तो लाल झाला. मनात आलं असणार त्याच्या. मी बोलेपर्यंत आलं नसलं तरी बोलल्यावर आलं असणार.

"मी असं करणार नाही."

"बघू. माझी आई अजून जिवंत आहे. मिरजेतच असते. माहेरी आणून सून मारली म्हणून शकूच्या सासरच्यांनी तिला दिवसकार्यालासुद्धा उंबरा चढू दिला नाही. गल्लीतल्या बायका पाण्याला आल्या की अजून तिच्याकडं बघून हळू बोलतात. ती कुठंही जाताना अर्धा दिवस आधी निघते. दुपारची गाडी असली तर न्याहारी न करता स्टँडवर जाऊन बसते. लग्नाला मांडव घालणाऱ्यांच्या आधी पोचते. का, माहीत आहे?"

तो माझ्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"माफी मागायचीय ना? बापाला घेऊन मिरजेला ये. त्यानं तिच्या तोंडावर सांगायचं, उशीर कुणी केला. आणि त्यातलं एक अक्षर अर्जात घालायचं नाही. फोटो नाही. काही नाही. माणूस व्हायचं असेल तर असं फुकटात हो."

मी खाली उतरले. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगते, येऊ नये असंही थोडं वाटत होतं. राग सांभाळायला सोपा असतो.

तो आला. पुढच्याच महिन्यात, आधी फोन करून. बापाला कसं तयार केलं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "मी त्यांना म्हटलं, तुम्ही येत नसाल तर मी कुठंच अर्ज भरत नाही."

मी आदल्या दिवशीच मिरजेला गेले होते. आईला काही सांगितलं नव्हतं. सकाळी गल्लीच्या तोंडाशी मोठी गाडी थांबली, आत येईना. दोघं चालत आले. डॉक्टरांच्या पायात चकचकीत बूट आणि गटार ओलांडताना चेहरा आंबलेला.

आई ओसरीत तांदूळ निवडत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "आई, शकूचा डॉक्टर आलाय."

तिचा हात सुपात थांबला. ती म्हणाली, "कशाला?"

"बोलायचंय म्हणतो तुझ्याशी."

आईनं एक खडा उचलला, बाहेर फेकला. "बसायला सांग पायरीवर. काम हाय मला."

मी सांगितलं. ते बसले. शौनक त्यांच्या शेजारी.

आईनं तांदूळ निवडले. मग पुन्हा निवडले. चूल पेटवली. भात टाकला, आमटीला फोडणी दिली. घासलेली भांडी पुन्हा घासली. न्हाणीघरात गेली, डोक्यावरून आंघोळ केली, केस पुसत बसली. लगबग नाही की धांदल नाही. माझ्या आईला मी एवढ्या सावकाश काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

पायरीवर ऊन आलं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. कोट काढला. पुन्हा बघितलं. मग उठायला लागले. "हा काय तमाशा आहे, शौनक? तीन वाजता ऑपरेशन आहे माझं."

"बसा, बाबा," शौनक म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं.

ते बसले.

नळावर बायका जमल्या होत्या. घागरी भरून वाहायला लागल्या तरी कुणी उचलीना. समोरच्या यमुनाक्का तर दारातच पाट टाकून बसल्या. शकूच्या सासरचं बोलणं गल्लीत पहिल्यांदा आणलं ते यांनीच.

जेवणवेळ टळून गेल्यावर आई बाहेर आली. लग्नाकार्याची हिरवी साडी नेसली होती. उंबऱ्यात उभी राहिली.

"बोला," म्हणाली.

डॉक्टर उठले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. "हे बघा आई, तेव्हा निरोपांचा जरा घोळ झाला. स्टाफनं वेळेत—"

"घोळ न्हवं. उशीर कुणी केला, ते सांगा."

डॉक्टरांनी पोराकडं बघितलं. पोरगं त्यांच्याकडं बघत नव्हतं, आईकडं बघत होतं.

"माझ्याकडून झाला," ते पुटपुटले.

"समदं बोला."

"तुम्ही... तुम्ही तिला वेळेत आणलं होतं. उशीर मी केला."

"मोठ्यांदा बोला. यमुनाक्काला कमी ऐकू येतं."

नळ तेवढा वाहत होता. डॉक्टर सरनोबत समोरच्या दाराकडं वळले आणि ओरडले, अगदी ओरडलेच, "त्यांनी मुलीला वेळेत आणलं होतं! उशीर मी केला!"

यमुनाक्कांनी पदर तोंडाला लावला. पाट तिथंच ठेवून आत गेल्या.

आई घरात गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली. तांब्या शौनकच्या हातात दिला. "पी, बाळा. उनात बसलास." तो घटाघटा प्याला आणि उरलेलं त्यानं बापापुढं धरलं. आईनं मध्येच हात घालून तांब्या काढून घेतला.

"जावा आता," म्हणाली.

गेले. कुणी वळून बघितलं नाही.

तो पुढं डॉक्टर झाला का, कुठं गेला, मला माहीत नाही. अर्जात त्यानं काय लिहिलं हेही माहीत नाही. लिहू नको म्हणाले होते, कारण ते लिहायचा हक्क त्याचा नव्हता. माझा आहे, म्हणून मी लिहिलं. आणि सरनोबतांना मी माफ केलेलं नाही. आईनं केलं का, ते तिला विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी मला पुण्याला परतायचं होतं. मी पिशवी भरून दारात आले आणि सवयीनं म्हटलं, "चल लवकर, नाहीतर म्हणशील गाडी चुकेल."

आई चुलीपुढं पाय पसरून बसली होती. असं बसलेलं तिला मी शकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"बस की गं जरा," ती म्हणाली. "च्या टाकते. गेली तर गेली गाडी. दुसरी येईल."